गाडी त्याची, हप्ता तिचा

(सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया येथे बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी मोटारसायकलवर बोलणार आहे असे सकाळी सांगितले तेव्हा तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. एकीने तर विचारलेच, "बाई, दारूवर बोला, रेशनवर बोला, मोटारसायकल हा पोट्ट्यांचा विषय, आपले त्यात काय?" माझेही पूर्वी असेच मत होते. ते का बदलले तेवढेच सांगते.

गोष्ट २०२४ च्या मे महिन्याची, पहिल्या आठवड्यातली. तेंदूपत्त्याचे दिवस होते. मी साकोलीला जाणाऱ्या एस.टी.साठी इथल्याच हायवेवर उभी होते. जुना सहा नंबरचा रस्ता, ज्याला आता त्रेपन्न नंबर म्हणतात. चहाच्या टपरीवर आठ-दहा पोरे एका मोबाइलवर वाकून उभी होती. लोकसभेचे मतदान होऊन पंधरा दिवस झाले होते, मला वाटले त्याचेच काही चालले असेल. जवळ गेले तर मोबाइलवर मोटारसायकल! पुण्याच्या बजाज कंपनीने ३ मे रोजी नवी गाडी जाहीर केली होती, पल्सर एनएस ४०० झेड. पल्सरमधली तोवरची सर्वांत मोठी. एस.टी. यायला वेळ होता, मी ऐकत उभी राहिले.

काय एकेक बोलणे! "चारशे सीसी, अन् दोन लाखाच्या आत? काही तरी गडबड आहे बे." दुसरा म्हणे, "गडबड काहून, इंजिन डॉमिनारचंच तर आहे, जुनंच." तिसऱ्याला ती गाडी दिसायला आवडलीच नव्हती. बारा वर्षांपूर्वीच्या एनएस २०० सारखीच दिसते, नवे काय केले, असे त्याचे म्हणणे. एकाला मागचे टायर बारीक वाटत होते, एवढ्या ताकदीला एवढेसे टायर शोभत नाही म्हणे. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. टपरीवाल्या भाऊंनी मध्येच आपले सांगून घेतले, की आरएक्स शंभरसारखी गाडी पुन्हा होणे नाही, अठ्ठ्याण्णव सीसीची होती पण उचल काय होती! ती गाडी १९९६ मध्येच बंद झाली. तिची आठवण काढणारे पुरुष मात्र मला गावोगाव भेटतात. कोपऱ्यात उभे असलेले एक पोर काहीच बोलत नव्हते. शेवटी त्याने हळूच विचारले, "डाउन पेमेंट किती लागेल?"

त्या पोरांची मला चीड आली नाही. त्यांना त्या यंत्राची जी माहिती होती ती ऐकून मी थक्क झाले. दहावी नापास झालेला मुलगा घोड्यांची ताकद, वजन, ब्रेक सगळे तोंडपाठ सांगत होता. शाळेने त्याला कशाचीच गोडी लावली नाही, या गाडीने लावली. शिवाय ज्या वस्तीतल्या आज्याला गावातून जाताना सायकलवरून उतरावे लागत होते, त्या वस्तीतला नातू भर चौकातून गाडीवर बसून जातो, तेव्हा त्याला काय वाटत असेल हे आपण समजून घेतले पाहिजे. गाडीला नुसती चैन म्हणून मोकळे होणाऱ्यांतली मी नाही. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणारे पोरही याच गाडीवरून नेते.

पण अर्धा तास ती चर्चा ऐकूनही दोन गोष्टी मला एकाच्याही तोंडून ऐकू आल्या नाहीत. त्या गाडीवर मागे कोण बसणार, आणि तिचे पैसे कोण भरणार? डाउन पेमेंट किती, हे त्या एका पोराने विचारले. ते कोणाकडून आणायचे, हे त्यालाही विचारावेसे वाटले नाही. तेवढ्यात समोरून आपल्या बाया जंगलातून परत येत होत्या. पहाटे चारला गेलेल्या, डोक्यावर पानांचे गठ्ठे, पायांत तुटक्या चपला. त्यांच्यातली एक टपरीकडे पाहून ओरडली, "काबे, जेवलास का?" तो बोलत नसलेल्या पोराला विचारत होती. त्याची माय होती ती.

त्या दिवशी एस.टी.त बसून मी हिशेब केला. गाडीची जाहीर केलेली किंमत १,८५,००० रुपये, तीही दिल्लीच्या शोरूमची. विमा, नोंदणी, कर धरून रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या वर जाते. पण आपण १,८५,००० च धरू. रोजगार हमीचा २०२४-२५ चा महाराष्ट्रातला दर रोजचा २९७ रुपये होता. म्हणजे ६२३ दिवसांची मजुरी. केंद्राच्या कायद्यात वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती. ते शंभर दिवस पुरते मिळाले आणि त्यातला एक रुपया कोणी खाल्ला-प्याला नाही, तरी सहा वर्षांहून जास्त. धानाचा हिशेब करा. २०२३-२४ चा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. जवळजवळ पंच्याऐंशी क्विंटल धान. आपल्यात कोणाच्या बांधीत होते इतके?

आता थोडे मागे जाऊ, कारण या गाडीचे नाव आपल्याला नवे नाही. पहिली पल्सर आली २००१ साली. तिच्या जाहिरातीत एक इंग्रजी ओळ होती, 'डेफिनिटली मेल'. म्हणजे निश्चितपणे पुरुष, पक्का मर्द. गाडीसुद्धा मर्द! तोपर्यंत हीच कंपनी 'हमारा बजाज' म्हणून स्कूटर विकत होती. त्या स्कूटरवर सगळे कुटुंब बसलेले दिसे. पुढे मूल, मध्ये नवरा, मागे बायको. बाई मागेच होती, ते काही बरोबरीचे चित्र नव्हते. पण चित्रात तरी होती. पल्सरने तिला चित्रातून उतरवून टाकले. २००९ च्या डिसेंबरात कंपनीने जाहीर केले की आता स्कूटर बनवणारच नाही, फक्त मोटारसायकली. नऊ-दहा वर्षांनी विजेवरची चेतक काढून ती स्कूटरकडे परत आली, हा भाग वेगळा. 'मर्द' गाडीची ती ओळही पुढे जाहिरातीतून गेली. डोक्यांतून मात्र गेली नाही.

गंमत अशी, की ज्या २००१ मध्ये मर्द गाडी आली, त्याच वर्षी होंडाची ॲक्टिवा आली. बिनगिअरची, बटन दाबले की सुरू होणारी. त्याच्याही आधी पुण्याचीच लुना होती, १९७२ पासून, आणि १९८४-८५ च्या सुमारास आलेली कायनेटिक होंडा. लाथ मारून सुरू करायची गरज नाही, साडी आवरून पाय टाकायची गरज नाही. आपल्या भागातल्या आशाताई, नर्सताई, मास्तरीणबाई आज ज्यावरून गावोगाव फिरतात ती ही गाडी. तिच्यावर कोणी 'बाई' असा शिक्का मारला नव्हता, पण बाईला ती चालवता येत होती, म्हणून ती बायांपर्यंत पोचली. यंत्र कोणाच्या शरीराच्या मापाने बनवले हे पाहिले की ते कोणासाठी बनवले हे आपोआप कळते. त्या नव्या चारशे सीसीची सीट जमिनीपासून अडीच फुटांच्या वर आहे आणि वजन १७४ किलो, म्हणजे पावणेदोन क्विंटलला एक किलो कमी. हे वजन बाईला पेलतच नाही असे मी म्हणत नाही. पुण्यात २०११ मध्ये 'बायकर्नी' नावाचा मोटारसायकल चालवणाऱ्या बायांचा गट सुरू झाला, त्यातल्या मुली असल्या गाड्यांवर डोंगर पार करून आल्या. आणि इथल्या बाया पाण्याचे, धानाचे, मुलांचे मिळून रोज किती क्विंटल उचलतात, ते कोणी काट्यावर मोजलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्ही पुन्हा हसाल. २०१६ च्या डिसेंबरात डॉमिनार नावाची चारशे सीसीची गाडी आली. टपरीवरचा पोरगा ज्या इंजिनाचे नाव घेत होता ती हीच. चाकणच्या कारखान्यात ज्या लाईनवर ती जोडली जात होती, तिथे काम करणाऱ्या सगळ्या मुली होत्या, असे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले होते. म्हणजे नट आवळणारे, इंजिन बसवणारे हात मुलींचे. त्या मुलीही कुठल्या तरी सौंदडहून गेलेल्या असणार. गाडी बनवायला बाई चालते, गाडीचा हप्ता भरायला बाई चालते. गाडीवर पुढे बसली की मात्र लोक माना वळवून बघतात.

मागच्या सीटबद्दल बोलते. हा मुद्दा तुमच्यातल्या प्रत्येकीच्या अंगाचा आहे. या स्पोर्ट गाड्यांना एक सलग सीट नसते. पुढे चालवणाऱ्याची रुंद, आणि मागे उंचावर एक तळहाताएवढी. त्यावर दोन्हीकडे पाय टाकून पुढे वाकून बसावे लागते. आपली बाई साडीत, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर पोर घेऊन बसते. धरायला काही नाही. चालवणाऱ्याचा खांदा धरावा तर सासऱ्याच्या गाडीवर तोही धरता येत नाही. दुपारी चर्चेत एक आजी म्हणाल्या, "मले तं त्या उंच गाडीवर बसाचं भेव लागते, पन दवाखान्यात जावाले दुसरं काय आहे?" आजींना जे भय वाटते त्यावर कायदा आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ असली पाहिजे, पाय ठेवायला जागा असली पाहिजे, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे तरी चाक झाकणारी जाळी असली पाहिजे. ही जाळी म्हणजे साडीगार्ड. कंपनी ते लावून देते. मग गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय होते? "लूक खराब होतो" म्हणून पोरगा ते काढून माळ्यावर टाकतो. चाकात ओढणी गुंतून गळ्याला फास बसलेल्या मुलींच्या बातम्या आपण वाचतो आणि म्हणतो, ओढणी नीट सांभाळायला नको का! चूक पुन्हा ओढणीचीच.

केंद्र सरकारचेच आकडे आहेत. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. हेल्मेट नसलेली ५०,०२९ मेली आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. मागे बसलेल्यांत बाया किती, हे तुम्ही आपल्या गावातल्या रस्त्यावर उभे राहून मोजू शकता. घरात हेल्मेट असलेच तर ते एक असते, आणि ते कोणाच्या डोक्यावर असते हे मी सांगायला नको.

आता पैशाचे. एका गावातली बहीण आहे, गाव सांगत नाही. रोवणीला जाते, पत्ता तोडते, मोहफूल वेचते. मुलगा एकुलता. मुलाने तीन दिवस जेवण सोडले, गाडी पाहिजे. बापाच्या नावावर सोसायटीचे कर्ज थकलेले, त्याला कोणी दारात उभे करेना. मग ज्या कंपन्या बायांचे गट करून कर्ज देतात त्यांच्यापैकी एकीकडून हिने चाळीस हजार उचलले. कागदावर कारण लिहिले 'शेळीपालन'. शेळी काही आली नाही, डाउन पेमेंट गेले. बाकीच्या रकमेचे कर्ज शोरूममध्येच झाले, त्याला जामीन पुन्हा हीच. गाडीची नोंदणी मुलाच्या नावावर. मुलगा चार महिन्यांनी गाडी घेऊन नागपूरला कामाला गेला. दर आठवड्याला वसुलीवाला हिच्या दारात. हप्ता चुकला की तो जात नाही, बसून राहतो. मग गटातल्या बाकीच्या नऊ जणी चिडतात, कारण त्यांना तिचे भरावे लागते. ज्या बाया एकमेकींच्या बाळंतपणाला धावून गेल्या त्या आज एकमेकींशी बोलत नाहीत. २०२४ च्या जुलैपासून 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले, तर ते बँकेत आले की परस्पर मुलाच्या फोनवर जातात. तिला मी विचारले, तू गाडीवर किती वेळा बसलीस? ती म्हणाली, "एकदा. पूजा केली त्या दिवशी."

कर्ज बायांनाच का देतात? बाई पळून जात नाही म्हणून. तिला अब्रू आहे, ती पोटाला चिमटा घेऊन फेडते. आपल्या याच गुणावर हा धंदा उभा आहे. आता नियम ऐकून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या एप्रिलपासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे, वर्षाचे उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराला असे सूक्ष्म कर्ज तारणाशिवायच द्यायचे असते आणि घरातले सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीत दमदाटी चालत नाही. या बहिणीच्या घरात हप्ते निम्म्याच्या कितीतरी वर गेलेले. ते कर्ज देताना विचारायचे काम कर्ज देणाऱ्यांचे होते. आणि विचारले असते तर कदाचित तिलाही नाही म्हणायला एक आधार मिळाला असता. आईला मुलाला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. मीही आई आहे. पण "कागद तुझ्या नावावर तर कर्ज माझ्या नावावर का?" एवढे तरी विचारता येते. कर्ज तिच्या नावावर असेल तर आरसी तिच्या नावावर करा. त्याला वाटेल तेव्हा गाडी विकताना तिची सही लागेल. मुलगा रुसेल. रुसू द्या.

हुंड्याचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्या भागात आता 'हुंडा' कोणी म्हणत नाही. "आम्हाला काही नको, फक्त पोराला एक गाडी." आणि गाडी कोणती ते पोरगा मोबाइलवर दाखवतो. नवी गाडी जाहीर झाली की टपरीवर नुसते कौतुक होत नाही. कुठल्या तरी मुलीच्या बापाचा खर्च त्या दिवशी वाढतो. मागच्या वर्षी ठरलेली गाडी दीडशे सीसीची असेल तर यंदा मागणी चारशेची होते. लग्न झाल्यावर त्याच गाडीवरून टोमणे सुरू होतात, जुनी दिली, हलकी दिली, रंग चांगला दिला नाही. त्याचा शेवट काय होतो ते आपल्या केंद्रावर येणाऱ्या मुली सांगतात, आणि काही सांगायला येत नाहीत.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, आणि त्यातले कलम ३ बऱ्याच जणींना माहीत असते, देणे-घेणे गुन्हा, पाच वर्षे शिक्षा. "मग बापालाही आत टाकाल का?" असे म्हणून सासरचे लोक तिथेच गप्प बसवतात. त्यांना सांगा, कलम ७ वाचा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही. आणि मग कलम ६ वाचून दाखवा. हे कलम फार कमी कार्यकर्त्या वापरतात, म्हणून मी प्रत्येक शिबिरात सांगते. हुंडा म्हणून जे काही मुलीखेरीज दुसऱ्या कोणी घेतले, ते त्याने तीन महिन्यांत तिच्या नावे करून द्यायचे असते. लग्नाआधी घेतले असेल तर लग्नापासून तीन महिने, लग्नात किंवा नंतर घेतले तर घेतल्यापासून. न दिल्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे नवऱ्याने हुंड्यात घेतलेली ती पल्सर कायद्याने तिची आहे! स्त्रीधन नवऱ्याच्या घरात ठेवले म्हणून ते नवऱ्याचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलेच आहे. तेव्हा मुलगी माहेरी परत आली की तक्रारीत भांडी, कपाट, गादी लिहिता ना, तशी गाडीही लिहा. नंबर लिहा, शोरूमच्या पावतीचा फोटो जोडा. बापाने पैसे कशातून भरले ती बँकेची नोंद जोडा. कार्यकर्त्यांनी पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे, नंतर कागद सापडत नाहीत. आमच्याकडून ही चूक झालेली आहे.

दुपारच्या चर्चेत एकीने विचारले, मग आपण गाडीच्या विरोधात का? मुळीच नाही. १९९१-९२ मध्ये तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेत बायांनी सायकल शिकायचे ठरवले, आणि हजारो मजूर बाया सायकलवर बसल्या. लोक हसले, घाणेरडे बोलले. पण एस.टी.ची वाट पाहण्यात जाणारे बायांचे तास वाचले, दुसऱ्या गावच्या बाजारात त्या स्वतः माल घेऊन जाऊ लागल्या. आपल्याकडे मानव विकासच्या योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि शाळा सुटणे थोडे तरी थांबले. बारावी झाल्यावर मात्र ती सायकल भावाकडे जाते, मुलगी घरात जाते आणि भाऊ मोटारसायकल मागतो. तिथे तिचा रस्ता का संपावा?

त्या टपरीवरच्या मायला मी नंतर भेटले. ती आज इथे बसली आहे, तिची परवानगी घेऊन सांगते. पोराने चारशेची गाडी घेतली नाही. मायने कर्ज काढायला नाही म्हटले, महिनाभर घरात अबोला होता. आता तो भातगिरणीत कामाला आहे आणि एक जुनी गाडी घेतली आहे, स्वतःच्या पगारातून. साडीगार्ड लावलेली आहे, मी जाऊन पाहिली. तिला मी म्हटले, आता तूही शीक. ती म्हणाली, "मले कोन शिकवंल?" तर मागून तिची सून म्हणाली, "मी शिकवतो ना आत्याबाई, मले येते." लग्नाआधी ती माहेरी बापाची गाडी चालवत होती, आणि हे सासरी कोणालाच ठाऊक नव्हते!

सुनेने आणखी तिघींची नावे लिहून घेतली आहेत. ज्यांना लर्निंग लायसन काढायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर तिच्याकडे नाव द्यावे. वय अठरा पूर्ण पाहिजे. आधारकार्ड आणि जन्मतारखेचा पुरावा आणा, शाळेचा दाखला चालतो. लर्निंग सहा महिने चालते, आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. अर्ज संगणकावर भरायचा असतो, तो आम्ही भरून देऊ. गोंदियाच्या आर.टी.ओ.त सगळ्या मिळून एकाच दिवशी जाऊ. एकटीदुकटी गेली की खिडकीवरचा माणूस "नवऱ्याला पाठवा" म्हणतो.